पार्किन्सन्समध्ये मन खचणारच, हे निदान नव्हे

पार्किन्सन्सच्या दर तीन रुग्णांपैकी एकाला नैराश्याची दखल घेण्याजोगी लक्षणे असतात. तोवर झालेल्या अभ्यासांचा जो पद्धतशीर आढावा २००८ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात हे प्रमाण ३५ टक्के निघाले, आणि मनोविकारशास्त्राच्या काटेकोर निकषांत बसणारे तीव्र नैराश्य १७ टक्के. समाजात सरसकट पाहणी केली तर आकडे खाली येतात, रुग्णालयात येणाऱ्यांमध्ये ते चढतात. पण कुठेही मोजले तरी त्याच वयाच्या इतर माणसांपेक्षा ते जास्तच भरतात. एवढ्या सर्रास आढळणाऱ्या त्रासाचे जे स्पष्टीकरण घरोघरी आणि बऱ्याच दवाखान्यांतही दिले जाते, ते एका वाक्यात आटोपते: असा आजार म्हटल्यावर माणूस खचणारच.

हे मत मांडणारे लोक निर्दय नसतात. त्यांची बाजू साधारण अशी असते. कालपर्यंत स्वतः स्कूटर चालवत बँकेत जाणाऱ्या माणसाला आज सहीसुद्धा धड करता येत नाही. अक्षर बारीक होत होत ओळीच्या शेवटी मुंगीएवढे उरते. लग्नकार्यात ताटातली आमटी सांडते, म्हणून तो पंगतीला बसायचे टाळतो. आजार बरा होणारा नाही, वाढणारा आहे, हे डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितलेले असते. अशा माणसाला वाईट वाटले नाही तरच नवल. मग त्याला आणखी एक आजार चिकटवायचा, आधीच्या गोळ्यांच्या पट्टीत आणखी एक गोळी घालायची आणि मानसोपचारतज्ज्ञाचा शिक्का मारायचा, हे कशासाठी? त्यापेक्षा त्याला धीर द्यावा, चार माणसांत न्यावे, मन रमवावे.

या युक्तिवादात खऱ्याचा अंश आहे आणि म्हणूनच तो खोडून काढायला अवघड जातो. आजाराने आयुष्याची घडी विस्कटते हे कोणी नाकारत नाही. पण नैराश्याचे सगळे खापर त्या विस्कटण्यावर फोडायचे, तर नैराश्य आजाराच्या मागून यायला हवे, आजाराच्या तीव्रतेबरोबर वाढायला हवे, आणि तितकेच पंगुत्व आणणाऱ्या दुसऱ्या कोणत्याही आजारात तितकेच आढळायला हवे. या तिन्ही कसोट्यांवर हे मत टिकत नाही.

काळाचा क्रम आधी पाहू. स्वीडनमध्ये उमेओ विद्यापीठाच्या संशोधकांनी नैराश्याचे निदान झालेल्या सुमारे १ लाख ४० हजार लोकांची राष्ट्रीय नोंदींच्या आधारे दोन दशकांहून अधिक काळ माहिती घेतली आणि नैराश्य नसलेल्या तिप्पट लोकांशी तिची तुलना केली. निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. नैराश्याच्या निदानानंतरच्या पहिल्या वर्षात पार्किन्सन्स होण्याची शक्यता इतरांच्या तिपटीहून थोडी अधिक होती. ती हळूहळू घटत गेली, तरी पंधरा वर्षे उलटल्यावरही सुमारे दीडपट उरली. त्या वेळी ना हात थरथरत होता ना पाय ओढत होते. पुढे आपल्याला काय होणार आहे याची त्या माणसांना कल्पनाही नव्हती. न आलेल्या आजाराचे दुःख कोणी पंधरा वर्षे आधी करत नाही.

याच अभ्यासात भावंडांचीही तुलना होती. एका भावंडाला नैराश्य असले म्हणून दुसऱ्याला पार्किन्सन्स होण्याची शक्यता वाढलेली दिसली नाही. घराण्यातून आलेली एखादी समान प्रवृत्ती दोन्ही आजारांच्या मुळाशी असावी, ही पळवाट त्यामुळे बरीच अरुंद होते. इथे एक गैरसमजही टाळायला हवा. नैराश्य आले म्हणजे पुढे पार्किन्सन्स ठरलेलाच, असा याचा अर्थ अजिबात नाही. नैराश्य असलेल्या गटातसुद्धा पुढे पार्किन्सन्स झाला तो शंभरात जेमतेम एकाला.

आजार मेंदूत कोणत्या वाटेने पसरतो, हे कळल्यावर हा उलटा क्रम कोड्यात टाकत नाही. जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ हाइको ब्राक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये मृतांच्या मेंदूंच्या तपासणीवरून या आजाराच्या पायऱ्या मांडल्या. पार्किन्सन्सची ओळख ज्या भागाशी जोडलेली आहे तो मध्यमेंदूतला काळसर पट्टा, सबस्टॅन्शिया नायग्रा, त्यांच्या मांडणीत तिसऱ्या पायरीवर सापडतो. त्याआधी वास ओळखणारा भाग आणि मेंदूच्या देठातली काही केंद्रे बिघडलेली असतात. त्यांत सेरोटोनिन तयार करणाऱ्या राफे पेशींचे पुंजके आहेत आणि नॉरॲड्रेनॅलिन पुरवणारे लोकस सेरुलियस आहे. मनःस्थिती, झोप, चिंता यांचा कारभार ज्या रसायनांवर चालतो, त्यांच्या टाक्या अशा रीतीने थरथर सुरू होण्याच्या आधीच गळू लागतात. ब्राक यांची मांडणी प्रत्येक रुग्णाला तंतोतंत लागू पडत नाही आणि तिच्यावर आक्षेपही आहेत. तरी वास जाणे, बद्धकोष्ठ, झोपेत हातपाय झाडणे आणि उदासी ही लक्षणे बऱ्याच रुग्णांत थरथरीच्या आधी येतात, या रोजच्या अनुभवाचा तिच्याशी चांगला मेळ बसतो.

जिवंत रुग्णांमध्येही हे पाहता आले आहे, आणि तिथेच तीव्रतेची कसोटीही लागते. लंडनमधल्या एका गटाने २००५ मध्ये पार्किन्सन्सचे नैराश्य असलेले आणि नसलेले रुग्ण घेतले. हालचालींचा त्रास दोन्ही गटांत सारखाच होता. पेट स्कॅनमध्ये नैराश्य असलेल्यांच्या लोकस सेरुलियसमध्ये आणि भावनांशी निगडित भागांत डोपामिन व नॉरॲड्रेनॅलिनच्या तंतूंची घट इतरांपेक्षा जास्त आढळली. म्हणजे शरीर सारखेच जखडलेले दोन रुग्ण शेजारी बसवले आणि त्यांतला एकच खचलेला असला, तर तो मनाने कच्चा असे म्हणण्याआधी त्याच्या मेंदूतल्या तंतूंचा विचार करायला हवा.

दुसऱ्या आजारांशी तुलनेची कसोटीही लावून झाली आहे. डेन्मार्कमध्ये रुग्णालयांच्या नोंदींवरून पार्किन्सन्सच्या रुग्णांची तुलना मधुमेहाच्या आणि सांधे झिजलेल्या रुग्णांशी करण्यात आली. हेही जन्मभर चिकटणारे आजार. गुडघ्यांच्या झिजेने माणूस जिना चढण्यालाही मुकतो. तरी २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात नैराश्यासाठी पुढे उपचार घ्यावे लागण्याची शक्यता पार्किन्सन्सच्या रुग्णांमध्ये दोन्ही गटांपेक्षा अधिक निघाली. पंगुत्वाचे दुःख हे एकच कारण असते, तर एवढा फरक पडता ना.

पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात घडलेला एक प्रसंग या वादात वेगळ्याच प्रकारची साक्ष देतो. याच रुग्णालयात एकोणिसाव्या शतकात चेतासंस्थेचे तज्ज्ञ शार्को यांनी या आजाराला पार्किन्सन यांचे नाव दिले होते. तीस वर्षे पार्किन्सन्स असलेल्या ६५ वर्षांच्या एका बाईंच्या मेंदूत, हालचाली सुधाराव्यात म्हणून, विजेच्या स्पंदनांसाठी तारा बसवल्या होत्या. प्रत्येक तारेवर थोड्या थोड्या अंतराने चार टोके असतात, आणि कोणत्या टोकातून वीज सोडल्यास गुण येतो हे शस्त्रक्रियेनंतर एकेक टोक तपासून ठरवले जाते. डाव्या तारेच्या एका टोकाने बाईंची थरथर आणि ताठरपणा चांगलाच कमी झाला. त्याच्या खाली दोन मिलिमीटरवर असलेल्या, सबस्टॅन्शिया नायग्रात उतरलेल्या टोकातून वीज सोडली, तेव्हा काही क्षणांत त्यांचा चेहरा पडला. त्या पुढे झुकल्या, रडू लागल्या, आता जगायचे नाही, सगळे निरर्थक आहे असे सांगू लागल्या. वीज बंद केली आणि दीड मिनिटाच्या आत हे सगळे ओसरले. पुढची पाच मिनिटे तर त्या हसत होत्या, तपासणाऱ्या डॉक्टरांची थट्टा करत त्यांचा टाय ओढत होत्या. त्यांना पूर्वी कधीही नैराश्य आलेले नव्हते. वेगळ्या दिवशी तीच वीज पुन्हा दिली तेव्हा तेच घडले. ही हकीकत १९९९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आली.

एका रुग्णाच्या अनुभवावरून सगळ्यांचे निदान करता येत नाही, आणि बाहेरून सोडलेली वीज म्हणजे आजार नव्हे. पण बाईंचा आजार, त्यांचे वय, घरची परिस्थिती, भवितव्य यांतले काहीही त्या काही मिनिटांत बदलले नव्हते. बदलली होती ती फक्त विजेची जागा, आणि तीही दोन मिलिमीटरने. हालचाली आणि भावना यांचे मार्ग मेंदूत इतके दाटीवाटीने शेजारी असतील, तर एकात शिरलेला आजार दुसऱ्याला वळसा घालून जाईल अशी अपेक्षा करणेच विचित्र.

याची उलट बाजू अशी की, काही जण एवढे ऐकून दुसऱ्या टोकाला जातात. त्यांच्या मते सगळा खेळ डोपामिनचा. डोपामिनची भर घालणाऱ्या लेव्होडोपा या औषधाचा डोस वाढवला की मनही आपोआप ताळ्यावर येईल. हेही चुकीचे आहे. लेव्होडोपा १९६० च्या दशकाच्या अखेरीस उपचारात रुजले आणि खुर्चीत थिजलेली माणसे उठून चालू लागली, पण नैराश्य त्या प्रमाणात हटले नाही. एका विशिष्ट प्रकारच्या उदासीला मात्र डोसच्या वेळापत्रकाचाच इलाज लागतो. बरीच वर्षे औषध घेतलेल्या रुग्णांमध्ये पुढच्या गोळीची वेळ जवळ आली की आधीच्या गोळीचा अंमल उतरतो, हालचाली अडखळतात, आणि त्याच वेळी मन काळवंडते, छातीत धडधडते, जीव नकोसा होतो. गोळी लागू पडली की तासाभरात तोच माणूस पूर्ववत होतो. अशा रुग्णाला नैराश्याचे औषध देण्याआधी त्याच्या घड्याळाकडे पाहावे लागते: गोळी किती वाजता, जेवण किती वाजता, रडू किती वाजता आले. वरणाची मोठी वाटी किंवा पनीर यांच्या बरोबर घेतलेली गोळी अनेकांना उशिरा आणि अर्धवट लागू पडते, कारण प्रथिने आणि लेव्होडोपा आतड्यातून शोषले जाताना एकमेकांच्या वाटेत येतात. असा तक्ता चार दिवस लिहून नेणे हे घरच्यांच्या हातातले काम आहे आणि तज्ज्ञाला त्याचा फार उपयोग होतो.

तेव्हा परिस्थितीने आलेली उदासीही असते, मेंदूतल्या बिघाडाने आलेलीही असते, आणि बहुतेक रुग्णांमध्ये दोन्हींची सरमिसळ असते. चाळिशीत आजार झालेला, नोकरी गमावलेला, मुले शिकत असलेला माणूस आणि सत्तरीत निदान झालेला निवृत्त माणूस यांची दुःखे सारखी नसतात. पण वाद इथे संपत नाही, कारण समजा सगळी उदासी परिस्थितीनेच आली असती, तरी उपचार न करण्याचे ते कारण कसे होते? पाय मोडल्यावर दुखणे साहजिकच असते. म्हणून कोणी प्लास्टर नाकारत नाही. कारण समजले म्हणजे त्रास सोसण्याजोगा झाला, हा या मताचा सर्वांत घातक भाग आहे, आणि ते मांडणाऱ्याला तो सहसा दिसत नाही.

दुर्लक्षाची ही सवय जुनी आहे. लंडनच्या हॉक्स्टन भागात औषधोपचार करणाऱ्या जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये थरथरत्या लकव्यावरचा आपला छोटा प्रबंध सहा रुग्णांच्या निरीक्षणावर लिहिला. त्यांतले काही तर त्यांना रस्त्यात भेटले होते आणि एक फक्त लांबून पाहिलेला. व्याख्येच्या अखेरीस त्यांनी नमूद केले की, रुग्णाच्या इंद्रियांना आणि बुद्धीला बाधा होत नाही. रस्त्यावर दिसणाऱ्या माणसाचे वाकणे आणि थरथरणे दिसते, मन दिसत नाही, तेव्हा त्यांना बोल लावण्यात अर्थ नाही. शार्को यांनी पुढे या विधानाला हरकतही घेतली. पण हा हालचालींचा आजार आहे ही समजूत पक्की झाली, आणि १९६० मध्ये व्हिएन्नात एहरिंगर व हॉर्निकिएविच यांनी रुग्णांच्या मेंदूत डोपामिनची टंचाई दाखवल्यावर आणि पाठोपाठ लेव्होडोपाला यश आल्यावर ती अधिकच घट्ट बसली. हा आजार मोजायला आज जगभर वापरली जाणारी जी मोजपट्टी २००८ मध्ये सुधारून प्रसिद्ध झाली, तिच्या हालचालींच्या भागात १८ तपासण्यांवरून ३३ गुण भरावे लागतात. उदास मनाला तिच्यात एक प्रश्न आहे. चिंतेला एक, निरुत्साहाला एक. पूर्वीपेक्षा ही प्रगतीच म्हणायची, तरी तज्ज्ञाचा वेळ कुठे जातो हे त्यावरून समजते.

परिणाम मोजलेला आहे. अमेरिकेत २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चेतासंस्थेच्या तज्ज्ञांनी नेहमीच्या तपासणीत काय ओळखले, याची पडताळणी रुग्णांनी भरून दिलेल्या प्रश्नावल्यांशी करण्यात आली. नैराश्य असलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांचे नैराश्य तज्ज्ञांच्या नजरेतून निसटले होते. हे तज्ज्ञ पार्किन्सन्सचेच जाणकार होते, हे विसरता कामा नये. गल्लीतल्या दवाखान्यात काय होत असेल, त्याचा अंदाज ज्याचा त्याने बांधावा.

निसटण्याचे एक कारण खरोखरच अवघड आहे. नैराश्याच्या यादीतली अर्धी लक्षणे पार्किन्सन्स स्वतःच आणतो: झोप मोडणे, भूक आणि वजन घटणे, थकवा, बोलण्या-चालण्यातला संथपणा, एकाग्रता न होणे. चेहऱ्याचे स्नायू जखडल्याने मुखवटा चढवल्यासारखा चेहरा होतो. आत आनंद असला तरी तो उमटत नाही, आणि आत काळोख असला तरी तो वेगळा दिसत नाही. आवाज खाली जातो. त्यामुळे चेहऱ्यावरून निदान करणारे दोन्हीकडे चुकतात. समाधानी माणसाला उदास समजून उगाच चुचकारतात, आणि खचलेल्याला त्याचा चेहरा आजारामुळेच तसा झालाय म्हणून सोडून देतात. यावर तोड म्हणून अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या एका कार्यगटाने २००६ मध्ये व्यवहारी सूचना केली. कोणते लक्षण कोणत्या आजाराच्या खात्यात टाकायचे याची चिकित्सा करत बसू नये, जे लक्षण दिसते ते मोजावे. थोडे जास्त रुग्ण नैराश्याच्या कक्षेत येतील, येऊ देत. त्यांच्याशी बोलून ते तपासता येते, पण निसटलेला रुग्ण हाती लागत नाही.

शिवाय या नैराश्याचा चेहरा काहीसा वेगळा असतो. मी पापी, मी नालायक अशी अपराधाची भावना इथे तुलनेने कमी आढळते. चिडचिड, धास्ती, अंधारलेले भविष्य आणि कशातच रस न उरणे जास्त. खोलीत येणाऱ्याला रुग्ण रडताना दिसत नाही. नातवंडांच्या गोंगाटावर खेकसताना दिसतो, टीव्हीसमोर वाहिनी न बदलता बसलेला दिसतो. घरच्यांच्या मते ते आळशी झालेत, हट्टी झालेत, सगळे मनाला लावून घेतात. तपासणीच्या खोलीतही चित्र फारसे निराळे नसते. डॉक्टर विचारतात, कसं काय? उत्तर मुलगा देतो: बरंय, फक्त उजवा हात जास्त हलतोय. रुग्ण मान डोलावतो. मग मनगट फिरवून ताठरपणा पाहतात, बोटे आपटायला सांगतात, चालून दाखवायला सांगतात, आणि पुढच्याचे नाव पुकारले जाते. शेवटचा आनंद कधी झाला होता, हे विचारायला कुणाला सुचत नाही, आणि मुलासमोर विचारले तरी खरे उत्तर मिळेल याची खात्री नसते. रुग्णाशी पाच मिनिटे एकट्याने बोलणे हा इथला सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

नुसता निरुत्साह आणि नैराश्य यांतही फरक करावा लागतो. काही रुग्णांना कशाचे दुःख नसते. त्यांच्यातली पुढाकार घेण्याची ऊर्मीच आटलेली असते. ते स्वतःहून काही करत नाहीत, पण नेले तर नाटकाला जातात आणि तिथे हसतातही. त्यांना नैराश्याच्या गोळ्यांचा फायदा होईलच असे नाही. सेरोटोनिनवर चालणाऱ्या औषधांनी काहींचा निरुत्साह उलट वाढतो. हे दोन त्रास एकाच माणसात असू शकतात, तेव्हा घाईने एक नाव देऊन मोकळे होणे बरे नाही.

उपचाराबद्दलची शंका अशी असते की, मुळातला आजारच बरा होणारा नाही, तर त्याच्यापोटी आलेली उदासी काय बरी होणार? उत्तर चाचण्यांनी दिलेले आहे. ११५ रुग्णांवर बारा आठवडे चाललेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या चाचणीत पॅरोक्सेटिन आणि व्हेनलाफॅक्सिन ही दोन्ही औषधे लुटुपुटीच्या गोळीपेक्षा स्पष्टपणे सरस ठरली, आणि हालचालींचा त्रास त्यांनी वाढवला नाही. त्याआधीच्या, ५२ रुग्णांच्या चाचणीत मात्र पॅरोक्सेटिन निष्प्रभ ठरले होते आणि जुने नॉरट्रिप्टिलिन उपयोगी पडले होते. म्हणजे एकच गोळी सगळ्यांना लागू नाही. एक चालली नाही म्हणून उपचारच फोल असेही नाही. नॉरट्रिप्टिलिनने बद्धकोष्ठ, लघवी अडणे, उभे राहताना चक्कर असे त्रास वाढू शकतात आणि उतारवयात गोंधळल्यासारखे होते, याचे भान ठेवावे लागते. पार्किन्सन्ससाठीच दिल्या जाणाऱ्या प्रामिपेक्सोलने मनही उभारी धरते असे २०१० मधल्या युरोपीय चाचणीत दिसले, आणि त्यातला बराचसा लाभ हालचाली सुधारल्यामुळे नव्हता, तो थेट मनःस्थितीवरच झालेला होता. पण याच औषधाने काही जणांना जुगार, बेसुमार खरेदी, अनावर लैंगिक इच्छा अशी खेच जडते, आणि लाजेपोटी घरात कोणी ताकास तूर लागू देत नाही.

औषधाशिवायच्या उपचारालाही तितकाच भक्कम आधार आहे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ८० रुग्णांच्या चाचणीत विचार आणि वर्तन यांवर काम करणाऱ्या मानसोपचाराची दहा आठवड्यांची सत्रे देण्यात आली. जोडीला काळजी घेणाऱ्या घरच्यांनाही काही सत्रे होती. नेहमीची देखरेख मिळालेल्या गटात ८ टक्के रुग्ण सुधारले. सत्रे मिळालेल्या गटात ५६ टक्के. हे धीर देणे नव्हे, गप्पा मारणे नव्हे. सकाळी अंगात बळ असते त्या तासात आवडीचे एक काम बांधून घेणे, आपल्याकडे सगळे बघतात या समजुतीची प्रत्यक्ष जाऊन पडताळणी करणे, झोपेची वेळ आखणे, असा त्याचा ठरलेला क्रम असतो. अगदी टोकाच्या, अन्नपाणी सोडलेल्या नैराश्यात भूल देऊन केली जाणारी विद्युतोपचार पद्धतही गुणकारी ठरते, आणि तिच्याने काही काळ हालचालीही सुधारतात. सिनेमांनी या उपचाराची जी प्रतिमा करून ठेवली आहे, तिचा फटका अशा रुग्णांना बसतो.

आधीच इतक्या गोळ्या, त्यांत आणखी एक कशाला, ही तक्रार रास्त आहे. पण तिचे टोक भलतीकडे वळवले जाते. कमी करण्याजोग्या गोळ्या यादीत बहुधा असतात, आणि त्या वेगळ्या असतात. पित्तासाठी सर्रास दिल्या जाणाऱ्या काही जोडगोळ्यांत लेव्होसल्पिराइड असते, उलटीसाठी मेटोक्लोप्रमाइड दिले जाते, चक्कर आणि अर्धशिशीसाठी सिनारिझिन व फ्लुनारिझिन. ही चारही औषधे डोपामिनच्या कामात अडथळा आणतात, पार्किन्सन्ससारखी लक्षणे निर्माण करतात किंवा असलेली वाढवतात, आणि फ्लुनारिझिनने नैराश्यही येऊ शकते. उदासीवर दिल्या जाणाऱ्या फ्लुपेंटिक्सॉल आणि मेलिट्रासिनच्या जोडगोळीत पहिला घटक डोपामिन अडवणारा आहे, म्हणून पार्किन्सन्समध्ये ती नको. सेलेजिलिन किंवा रासाजिलिन चालू असेल तर नैराश्याचे औषध ठरवताना ते डॉक्टरांना सांगायलाच हवे. दोन्ही एकत्र आल्याने क्वचित गंभीर त्रास होतो. थायरॉइड आणि बी-१२ ची तपासणीही याच वेळी करून घ्यावी, कारण दोन्हींच्या कमतरतेने येणारी मरगळ नैराश्यासारखी दिसते.

राहिला प्रश्न धीराचा. सकारात्मक विचार करा, मन खंबीर ठेवा, अमक्याला वीस वर्षे पार्किन्सन्स आहे आणि तो ट्रेकला जातो, या प्रकारच्या सल्ल्याने खचलेल्या माणसाच्या वाट्याला आजाराबरोबर अपयशही येते. इतरांना जमते, मलाच जमत नाही. हिंमत बांधण्याची शक्ती ज्या यंत्रणेतून येते तीच बिघडलेल्या माणसाकडे हिंमत मागण्याचा हा प्रकार आहे. आधारगटांचे काम याहून पुष्कळ वेगळे आणि मोलाचे आहे. पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळात रुग्णाला शुभार्थी आणि त्याची काळजी घेणाऱ्याला शुभंकर म्हणतात. तिथे हलणाऱ्या हाताने चहाचा कप धरताना कुणाला ओशाळे वाटत नाही, आणि ही छोटी गोष्ट नाही. मुंबईतून सुरू झालेल्या पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटीनेही व्यायाम आणि गटभेटींचे असेच जाळे उभे केले आहे. नियमित व्यायामाने मनःस्थिती सुधारते याला चाचण्यांचाही दुजोरा आहे. पण आधारगटाच्या सभेला येतो तो घराबाहेर पडण्याइतका बरा असलेला माणूस. तीव्र नैराश्यातला माणूस त्या सभेला येत नाही, हेच त्याचे लक्षण आहे. मनोरुग्णाचा शिक्का बसेल या भीतीने मानसोपचारतज्ज्ञाला टाळून फक्त गटावर विसंबणाऱ्या घरांचा हिशेब इथे चुकतो. काळजी घेणारी व्यक्ती, आणि ती बहुतेक वेळा पत्नी असते, स्वतः नैराश्यात जाण्याचे प्रमाणही मोठे आहे. रुग्णाला तपासताना तिलाही दोन प्रश्न विचारायला हवेत.

वृद्धांसाठी केलेली पंधरा प्रश्नांची नैराश्य-प्रश्नावली पार्किन्सन्समध्ये चांगली चालते. तिच्यात झोप-भूक यांसारख्या शारीरिक लक्षणांवर भर नसल्यामुळे सरमिसळीचा गोंधळ बराच टळतो. उत्तरे फक्त हो-नाही अशी असतात आणि प्रतीक्षागृहात बसल्या बसल्या ती भरून होते. गुण जास्त आले तर निदान झाले असे नाही, मनाच्या तपासणीची गरज आहे एवढे ठरते. औषध सुरू केल्यावर परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात, म्हणून दहाव्या दिवशी गुण नाही म्हणून ते बंद करू नये, आणि बरे वाटू लागल्यावरही डॉक्टरांना न विचारता सोडू नये. जगण्यात अर्थ नाही, सुटका झाली तर बरे, असे रुग्णाच्या तोंडून निघाले तर विषय बदलण्याऐवजी मरणाचे विचार येतात का, हे सरळ विचारावे. विचारल्याने ते विचार डोक्यात भरत नाहीत. त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलावे, रुग्णाला एकटे ठेवू नये आणि गोळ्यांचा साठा घरातल्या दुसऱ्या कुणाच्या ताब्यात द्यावा. केंद्र सरकारची टेलि-मानस ही मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालू असते आणि तिथे मराठीतून बोलता येते.